सरळमार्गी सुपरहिरो आजच्या पिक्चरमध्ये चालवायचा कसा?

निवांत_नाना

मंडळी, प्रश्न साधा आहे. जो हिरो मुळातच चांगला आहे, ज्याला कुणाचा सूड घ्यायचा नाहीये, जो दारू पीत नाही, आतून पोखरलेला वगैरे नाही, त्याच्यावर आज पिक्चर काढायचा तर काढायचा कसा? बॅटमॅनचं सोपं आहे हो, आईबाप डोळ्यांदेखत गेले, पुढचं सगळं आपोआप त्यातून येतं. टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, आधी शस्त्रं विकायचा मग सुधारला, म्हणजे त्यालाही सुरुवात आणि शेवट आहे. सुपरमॅनचं काय करणार? पहिल्या सीनला चांगला, शेवटच्या सीनलाही चांगलाच.

माझा पुतण्या म्हणतो की 'द बॉईज' मालिकेतला होमलँडर, म्हणजे सुपरमॅनसारखाच पण दुष्ट, बघितल्यावर आता सुपरमॅन बघवतच नाही, एवढी पावर हातात असलेला माणूस चांगला राहूच शकत नाही आणि राहिलाच तर तो बोअर मारतो. मला हे अजिबात पटलेलं नाही पण धड उत्तरही देता येईना. ख्रिस्तोफर रीव्हचा १९७८ वाला आम्ही कॅसेट भाड्याने आणून आणून बघितलेला. २०१३ चा 'मॅन ऑफ स्टील' बघून डोकं भणभणलं होतं. जेम्स गनचा २०२५ वाला आवडला, पण का आवडला विचाराल तर ततपप.

आणि गंमत म्हणजे कॅप्टन अमेरिका तर मस्त चालला की! तोही तसलाच नाकासमोर चालणारा. मग अडतंय नक्की कुठे? तेव्हाचं पब्लिक भाबडं होतं आणि आताचं हुशार झालंय, एवढंच कारण आहे का?

---

मीरा_कट्ट्यावरची

नाना, तेव्हाचं पब्लिक भाबडं होतं हे आधी डोक्यातून काढून टाका. १९७८ म्हणजे अमेरिकेत काय वातावरण होतं बघा ना, वॉटरगेट होऊन राष्ट्राध्यक्ष निक्सन १९७४ ला घरी गेलेला, १९७५ ला व्हिएतनाममध्ये सायगाव पडलं, सरकार खोटं बोलतं हे शाळेतल्या पोरांनाही कळून चुकलेलं. थेटरात 'टॅक्सी ड्रायव्हर'सारखे पिक्चर येऊन गेलेले. अशा लोकांसमोर दिग्दर्शक रिचर्ड डोनरने लाल चड्डीवाला माणूस आणला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला!

आणि कसं जमवलं त्याने तेही बघा. गच्चीवरचा इंटरव्ह्यू आठवतोय? पत्रकार लोइस सुपरमॅनला विचारते तू इथे कशाला आलास, तो म्हणतो सत्य, न्याय आणि अमेरिकन पद्धतीसाठी लढायला. त्यावर ती चक्क हसते आणि म्हणते की मग तुला या देशातल्या निवडून आलेल्या एकूण एक माणसाशी लढावं लागेल. म्हणजे थेटरात बसलेला माणूस मनात जे म्हणणार होता ते डोनरने लोइसच्या तोंडून आधीच वदवून घेतलं. आता प्रेक्षकाला हसायला काही उरलंच नाही. आणि रीव्ह काय करतो, तो चिडत नाही, लेक्चर देत नाही, ओशाळतही नाही, शांतपणे सांगतो की मी खोटं कधीच बोलत नाही. इतक्या सहज बोलतो की लोइसची बोलती बंद, आणि तिच्यासोबत आपलीही.

तर माझं म्हणणं असं की हिरोला पब्लिकसारखं तिरकस करायची काही गरज नसते. तिरकस माणूस त्याच्या शेजारी उभा करायचा. सगळी गंमत त्या दोघांच्या बोलण्यात असते. हिरोच तिरकस केला की मग तो दहा हिरोंमधला अकरावा.

दुसरं म्हणजे चांगला माणूस बोअर वाटतो तेव्हा बऱ्याचदा ॲक्टर बोअर असतो :) त्याच पिक्चरमध्ये लोइस आत आवरायला गेलेली असताना क्लार्क, म्हणजे चष्म्याआड लपलेला सुपरमॅनच, एकटा हॉलमध्ये उभा असतो, तिला खरं सांगून टाकावं असं त्याच्या मनात येतं. तो चष्मा काढतो, खांदे मागे जातात, मान ताठ होते, माणूस अक्षरशः उंच होतो आणि आवाज खाली उतरतो. मग ती बाहेर येते, याचा धीर सुटतो, चष्मा परत नाकावर, पाठीला पोक, आवाज किरटा. ना कट, ना ग्राफिक्स, सगळं त्या एका माणसाच्या पाठीच्या कण्यात. आता सांगा, यात मनातला झगडा नाहीये का? आहे, पण तो चांगलं वागावं की वाईट असा नाहीये, आपण कोण आहोत हे जवळच्या माणसाला सांगता येत नाही असा आहे. तो कुणालाही कळतो.

---

तिरकस

मीराताई भारी लिहिलंय. फक्त एक राहिलं, त्याच पिक्चरच्या शेवटी साहेब पृथ्वीला गोल गोल फिरून काळ उलटा फिरवतात. ते पण पब्लिकने हुशार असूनच पचवलं का 😄

---

शिल्ड_धारी

कॅप्टन अमेरिकेचं मी सांगतो, माझा हातखंडा विषय आहे.

नाना, तुम्ही म्हणता सुपरमॅनला ग्राफ नाही. स्टीव्ह रॉजर्सलाही नाहीये! पहिल्या पिक्चरमध्ये (२०११) तो काडीपैलवान असतानाच खोट्या ग्रेनेडवर उडी मारतो, बाकीचे धडधाकट शिपाई पळत सुटलेले असतात. म्हणजे ताकद देणारं इंजेक्शन टोचायच्या आधीच माणूस तयार आहे. पुढे तो बदलत नाही, आजूबाजूचे बदलतात. हीच किल्ली आहे बघा. सरळ माणसाच्या गोष्टीत त्याला काय होतं हे बघायचंच नसतं, तो आल्यामुळे बाकीच्यांना काय होतं ते बघायचं असतं.

२०१४ च्या 'विंटर सोल्जर'मध्ये तर हे इतकं ठळक आहे. शिल्डने, म्हणजे कॅप जिथे काम करतो त्या गुप्तचर संस्थेने, तीन अवाढव्य उडती जहाजं बांधलीयेत, गुन्हा घडायच्या आधीच माणसं टिपायची म्हणून. (आदल्याच वर्षी स्नोडेनने पाळत ठेवण्याचं सगळं प्रकरण बाहेर काढलेलं, त्यामुळे ते कुणाला हवेतलं वाटलं नाही.) कॅप इमारतीच्या स्पीकरवरून सगळ्या स्टाफला खरं काय ते सांगतो. आणि मग दिग्दर्शक रुसो बंधू कॅपवर थांबत नाहीत, कंट्रोल रूममधल्या एका साध्या टेक्निशियनवर येतात. बारका पोरगा, डोक्याला बंदूक लावलेली, घाम फुटलाय, आवाज कापतोय, आणि तो म्हणतो सॉरी सर, मी जहाजं सोडणार नाही, कॅप्टनची ऑर्डर आहे. त्याचं नाव पण आपल्याला तिथे कळत नाही राव. मी तो सीन कितीदा पाहिला असेल, दरवेळी काटा येतो. कॅपने तिथे एक बुक्की मारलेली नाही, पण कॅप काय चीज आहे ते तिथेच कळतं.

आणि त्या झेंड्यासारख्या ड्रेसचं काय करायचं हा पण प्रश्नच होता की. पहिल्या पिक्चरमध्ये त्यांनी काय केलं, त्याला युद्धाचे बाँड विकायला स्टेजवर नाचवलं, मागे पोरी नाचतायत, हा ढालीच्या मागे चिकटवलेला कागद वाचून डायलॉग मारतोय, आणि इटलीत खऱ्या सैनिकांसमोर गेला तर त्यांनी टोमॅटो मारले. ड्रेसची जेवढी टिंगल करायची तेवढी पिक्चरनेच करून घेतली, मग त्याच ड्रेसवर जाकीट चढवून तो एकटा चारशे लोकांना सोडवायला जातो तेव्हा कुणाला हसू येत नाही. मीरा म्हणते तेच, हसायचं काम आधीच उरकून घ्यायचं.

---

क्रिप्टनचा_जावई

मी इथे बहुतेक एकटाच स्नायडरवाला ('मॅन ऑफ स्टील'चा दिग्दर्शक झॅक स्नायडर) दिसतोय, असो, शिव्या खायची सवय आहे.

'मॅन ऑफ स्टील'ला सगळे म्हणतात की अंधारा आहे, निराश आहे. पण त्याने प्रश्न किती प्रामाणिकपणे घेतला ते कुणी बघत नाही. असा माणूस खरंच आला तर लोक टाळ्या वाजवतील का? लोक आधी घाबरतील, सरकार बेड्या घालेल, धर्मवाले वेगळं काही म्हणतील. म्हणून तो तीस-बत्तीस वर्षं लपून राहतो, कधी मासेमारीच्या बोटीवर कधी बारमध्ये, आणि तरीसुद्धा तेलाच्या जळत्या रिगवर माणसं अडकली की जातोच. हा आदर्शवाद नाही तर काय आहे? व्हिलन झॉडची मान मोडली म्हणून सगळे ओरडतात, पण समोर एक कुटुंब भिंतीशी अडकलंय, डोळ्यातले किरण त्यांच्याकडे सरकतायत, सांगा तुम्ही काय केलं असतं. आणि मान मोडल्यावर तो गुडघ्यावर बसून जे ओरडतो ते ऐका परत एकदा. गंमत म्हणून मारलेलं नाही.

आणि 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'च्या सुरुवातीला धुळीच्या लोटात धावणारा ब्रूस वेन, म्हणजे बॅटमॅन, आठवा, बाकी सगळे पळतायत आणि हा आत. वर आकाशात मारामारी चाललीये आणि खाली माणसं मरतायत हे खालून कुणी दाखवलं होतं आधी?

शिवाय धंद्याचं बोला. 'मॅन ऑफ स्टील'ने २०१३ मध्ये जगभरात ६७ कोटी डॉलरच्या आसपास केले, २०२५ वाला, बारा वर्षांनी, महाग तिकिटं धरून, ६१ कोटींच्या घरात. मग आजच्या पब्लिकला नक्की काय हवंय ते तुम्हीच ठरवा.

---

मीरा_कट्ट्यावरची

जावईबापू, शिव्या नाही घालणार, रिगचा सीन मलाही आवडतो. सुपरमॅन झालेला हेन्री कॅव्हिल माणूसही छान निवडलेला, त्याला हसायला दिलं असतं तर अजून छान.

पण मानेवर माझा राग नाहीच. माझा राग बापावर आहे. शाळेची बस नदीत पडते, पोरगा ती बाहेर काढतो, आणि बाप, केव्हिन कॉस्टनर, त्याला काय म्हणतो? पोरगा विचारतो मग मी काय त्यांना मरू द्यायचं होतं का, आणि बाप म्हणतो, कदाचित. अहो कदाचित काय! पुढे तोच बाप वादळात उभा राहून हात वर करून पोराला थांब म्हणतो आणि मरतो, पोरगा बघत राहतो. मग हा मुलगा चांगला झाला तो कुणामुळे? सुपरमॅनच्या गोष्टीत ग्रह कुठला, किरण कुठले हे सगळं दुय्यम आहे हो, कॅन्ससमधल्या एका शेतकरी जोडप्याने सापडलेलं पोर नीट वाढवलं ही गोष्ट आहे. तो पायाच डळमळीत केला तर वरचं सगळं नुसतं सिमेंट पडताना बघायचं.

आणि खाली माणसं मरतायत ते दाखवलं हे कबूल, पण ते पुढच्या पिक्चरमध्ये, तीन वर्षांनी, बॅटमॅनच्या डोळ्यांनी. ज्या पिक्चरमध्ये ती मारामारी चालू होती तिथे आपला माणूस खाली वाकून कुणाला उचलतोय असे शॉट किती आहेत? मला तेवढंच हवं होतं.

---

सांगलीकर

थोडं मागे जाऊ, कारण इथे सगळे सुपरमॅन म्हणजे गुणी बाळ असं धरून चाललेत. जेरी सीगल आणि जो शुस्टर, क्लीव्हलँडची दोन ज्यू स्थलांतरितांची पोरं, मंदीत वाढलेली. १९३८ ला त्यांचा सुपरमॅन 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात आला तो चांगलाच दांडगा होता. मध्यरात्री गव्हर्नरच्या घराचं दार तोडून आत शिरतो कारण एका निरपराध बाईला मृत्युदंड होणार असतो. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला भिंतीवर फेकतो. वॉशिंग्टनमध्ये सिनेटरला पटवणाऱ्या दलालाला उचलून टेलिफोनच्या तारांवरून पळवतो, तो बिचारा शॉक लागेल म्हणून बोंबलतोय. काही महिन्यांनी आठव्या अंकात तर पठ्ठ्या अख्खी झोपडपट्टी पाडतो, का तर सरकारला तिथे नवीन घरं बांधून द्यावी लागतील. आज असा हिरो आणला तर निम्मे लोक म्हणतील हा तर अर्बन अमुकतमुक.

म्हणजे तो दुबळ्यांच्या बाजूने होता आणि त्या बाबतीत अजिबात सभ्य नव्हता. सत्य, न्याय, अमेरिकन पद्धत यातला तिसरा भाग नंतर रेडिओ मालिकेत, महायुद्धाच्या काळात चिकटला. त्याच रेडिओने १९४६ मध्ये त्याला कु क्लक्स क्लॅनसारख्या बुरखेवाल्या वर्णद्वेष्ट्या टोळीशी लढवलं, लहान पोरांच्या कार्यक्रमात, आणि तेव्हा ती टोळी काही इतिहासजमा झालेली नव्हती. २०२१ ला सुपरमॅनचे प्रकाशक डीसीने तो तिसरा भाग बदलून 'अधिक चांगला उद्या' असं केलं तेव्हा केवढी बोंबाबोंब झाली, पण तो मुळातला नव्हताच.

मला वाटतं बोअर होतो तो पन्नाशीच्या दशकातला सुपरमॅन, जो सगळ्या मोठ्या माणसांशी अदबीने वागतो. आदर्शवादी म्हणजे शहाण्यासारखा वागणारा असं आपण कधीपासून धरायला लागलो काय माहीत. त्याला कुणाचा तरी राग यायला हवा, आणि तो राग बघून आपल्याला वाटायला हवं की अरे हो, हे बरोबर आहे.

(जाता जाता, हा हिरो त्या दोघांनी १३० डॉलरला हक्कांसकट विकला होता. रीव्हचा पिक्चर यायच्या आधी १९७५ ला वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला तेव्हा कुठे डीसीची मालक कंपनी वॉर्नरने वर्षाला २०,००० डॉलर पेन्शन चालू केली. न्यायासाठी लढणाऱ्याचे बाप.)

---

तिरकस

१३० डॉलर 🙏 आपल्याकडे लेखकाला तेवढेही वेळेवर मिळत नाहीत म्हणा.

---

निवांत_नाना

वा, सांगलीकर, हे झोपडपट्टीचं माहीतच नव्हतं. मग २०२५ वाल्यात बोराव्हिया का काय त्या देशाचं युद्ध थांबवतो आणि त्यांच्या अध्यक्षाला उचलून वाळवंटात निवडुंगाला दाबून धरतो ते याच वळणाचं म्हणायचं का? आणि ती खारीची भानगड काय आहे? पुतण्याने तेवढ्यावरून अख्खा पिक्चर निकालात काढला. म्हणे एवढा मोठा राक्षस शहर तुडवतोय आणि हा खार वाचवतोय.

---

मीरा_कट्ट्यावरची

हो तेच वळण. आणि मला त्यातला लोइसच्या घरातला इंटरव्ह्यू सगळ्यात जास्त आवडला. पिक्चरमध्ये एवढी उडाउडी आहे पण खरी मारामारी त्या खोलीत आहे. ती टेप चालू करते आणि एकदम पत्रकार होते. तू कुणाला विचारून गेलास? सरकारशी बोललास? तिकडचा अध्यक्ष आपल्या देशाचा मित्र आहे हे माहीत होतं? आणि हा आधी हसतो, मग अडखळतो, मग चिडतो, मग ओरडतो की लोक मरणार होते! नवा सुपरमॅन डेव्हिड कोरेनस्वेट, त्याचा चेहरा बघा तिथे, त्याला खरंच कळत नाहीये की यावर प्रश्न कसा काय असू शकतो. आणि लोइस चूक नाहीये. तिचा एकही प्रश्न चुकीचा नाही. १९७८ च्या गच्चीवर ती हसली होती, इथे ती हसत नाही, उलटतपासणी घेते, कारण आता प्रेक्षकही तीच घेतो. गनने हिरोला तसाच ठेवला आणि समोरचीला धार लावली.

खारीचं म्हणाल तर पुतण्याला सांगा की ती खार म्हणजेच पूर्ण कॅरेक्टर आहे. जगाला वाचवायला सगळेच सुपरहिरो येतात, त्याचं आता कुणाला काही वाटत नाही. एवढ्या धावपळीत ज्याला खार दिसते तो वेगळा माणूस. राक्षसाला मारू नका, पकडता येईल असंही तोच म्हणत असतो आणि बाकीचे टीमवाले मारून मोकळे होतात, तेव्हा त्याचा चेहरा पडतो. होमलँडरला खार दिसेल का? दिसली तर काय करेल? झालं तुमच्या पुतण्याला उत्तर.

अजून एक, पिक्चर सुरू होतो तेच हा मार खाऊन अंटार्क्टिकाच्या बर्फात आपटतो, बरगड्या मोडलेल्या, शीळ घालून कुत्र्याला बोलावतो आणि ते उंडगं कुत्रं मदत करायच्या ऐवजी आधी अंगावर नाचतं. एवढा पावरफुल आहे तर भीती कसली, हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत निकालात.

---

क्रिप्टनचा_जावई

इंटरव्ह्यू चांगला आहे, मान्य. पण आईबापाच्या निरोपाचं काय? खऱ्या आईबापाने सांगितलेलं असतं की पृथ्वीवर राज्य कर, ते व्हिलन लुथर जगासमोर आणतो. हे तुम्हाला चाललं आणि कॉस्टनरचं 'कदाचित' चाललं नाही?

---

मीरा_कट्ट्यावरची

चाललं, कारण हादरल्यावर तो कॅन्ससला घरी जातो आणि तिथला बाप त्याला सावरतो. तुमच्यात तोच बाप घाबरवतो. ते 'कदाचित' खऱ्या बापाच्या, जोर-एलच्या तोंडी घातलं असतं तर मी एक शब्द बोलले नसते.

---

बेएरियातला_बंड्या

उशिरा आलो, इकडे आता सकाळ झाली. वंडर वुमनचं कुणीच काढलं नाही? २०१७ चा, पॅटी जेन्किन्सचा. खंदकातला सीन. तिला सगळे सांगतात की ही दोन सैन्यांमधली जागा आहे, वर्षभरात कुणी एक इंच पुढे गेलं नाही, आपण यासाठी आलेलो नाही, सगळ्यांना वाचवता येत नाही. आणि ती कोट काढून शिडी चढते. थेटरात माझ्या शेजारी बसलेल्या आज्जी रडत होत्या. आता तो सीन लोकांना आठवतो पण पुढचं आठवत नाही, जे गाव ती त्यात सोडवते तेच गाव थोड्या वेळाने विषारी वायूने मारलं जातं, सगळं, जिथे ती रात्री नाचली होती तेच लोक. म्हणजे चांगलं वागून काही उपयोग झाला नाही असं पिक्चर तिच्या तोंडावर मारतो, आणि तरी ती पुढे जाते. आदर्शवादी हिरोचा पिक्चर फसतो तो इथे, लेखक एक तर त्याला किंमत मोजायला लावत नाहीत, म्हणजे मग शक्तिमानच्या शेवटी यायच्या त्या 'छोटी छोटी मगर मोटी बातें' होतात (तेव्हा आवडायच्या, नाही म्हणत नाही), नाहीतर किंमत मोजून झाल्यावर त्याला कडवट करून टाकतात.

जावई, तुझ्या स्नायडरने पहिली चूक केली नाही, दुसरी केली. असं माझं मत.

---

क्रिप्टनचा_जावई

कडवट कुठे केला रे, 'जस्टिस लीग'मध्ये परत हसायला लागला होता की.

---

तिरकस

हो, पण ग्राफिक्समधून मिशी पुसलेल्या ओठांनी (कॅव्हिलने दुसऱ्या पिक्चरसाठी मिशी ठेवलेली).

---

शिल्ड_धारी

😂😂 तिरकस, बास.

नाना, पुतण्याला 'विंटर सोल्जर' दाखवा आधी, मग वेळ मिळाला तर 'ॲक्शन कॉमिक्स'चा २००१ सालचा ७७५ वा अंक वाचायला द्या. त्यात एक नवीन टोळी येते, व्हिलनला सरळ मारून टाकणारी, पब्लिक त्यांच्यावर फिदा, आणि सुपरमॅनला सगळे म्हणतात तू आता जुना झालास. शेवटी काय होतं ते सांगत नाही. पण तुमच्या पुतण्याचा जो प्रश्न आहे नेमका तोच त्यात टोळीचा म्होरक्या विचारतो, आणि भाषा पण साधारण तशीच आहे.